यकृतशोथ, सी–प्रकारचा : रोग, औषध व उपेक्षित रुग्ण

सी व्हायरसामुळे होणारा यकृताचा दाहयुक्त विकार (हेपॅटायटिस सी). हा रोग रक्तावाटे पसरतो, बहुधा कोणतेही ठळक लक्षण न दाखविता वर्षानुवर्षे शरीरात राहतो आणि त्यातून पुढे यकृत् सूत्रण रोग (यकृतातील नरम ऊतकाची जागा घट्ट तंतूंनी घेण्याचा विकार, सिऱ्होसिस) किंवा यकृताचा कर्करोग उद्‌भवू शकतो. या रोगावर प्रतिबंधक लस उपलब्ध नाही. मात्र तो औषधांनी पूर्ण बरा होतो. १९८९ मध्ये व्हायरसाचा शोध जाहीर झाला, २०१३ नंतर तोंडाने घ्यावयाची गुणकारी औषधे आली व २०१८ मध्ये भारतात ती शासकीय आरोग्यसेवेतून विनामूल्य देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. असे असूनही बहुसंख्य रोग्यांना आपणास हा रोग आहे याचीच कल्पना नसते. त्यामुळे या रोगाचा अलीकडचा इतिहास जितका औषध शोधण्याचा, तितकाच रोगी शोधण्याचाही आहे. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या बाजूचा विशेष विचार केला असून शेवटी रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूख व त्याचा परिसर यांच्या उदाहरणाने ग्रामीण भागातील प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

रोगस्वरूप : व्हायरसाने शरीरात प्रवेश केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ दोन आठवडे ते सहा महिने असतो, परंतु सु. ८० टक्के व्यक्तींत या काळानंतरही लक्षणे दिसत नाहीत. सु. ३० टक्के व्यक्तींच्या शरीरातून व्हायरस सहा महिन्यांत आपोआप नाहीसा होतो. उरलेल्यांत रोग चिरकारी (दीर्घकाळ टिकणारा) बनतो व अशांपैकी १५ ते ३० टक्के व्यक्तींना वीस वर्षांच्या आत यकृत् सूत्रण रोग होण्याचा धोका असतो.

दूषित रक्ताचे आधान, निर्जंतुक न केलेल्या सुया व पिचकाऱ्या यांचा पुनर्वापर, अमली पदार्थ टोचून घेताना सुईची देवाणघेवाण, दूषित उपकरणांनी केलेले दंतोपचार, गोंदणे किंवा अपोहन (डायालिसिस) ही प्रसाराची मुख्य कारणे होत. बाधित मातेकडून नवजात बालकाला रोग होण्याचा संभव असतो. लैंगिक संबंधातून प्रसार होऊ शकतो, परंतु त्याचे प्रमाण कमी आहे. एकत्र जेवणे, एका भांड्यातील पाणी पिणे, स्पर्श करणे वा अंगावर पाजणे यांमुळे हा रोग पसरत नाही.

सर्वसामान्य लोकांच्या मनात यकृताचा रोग म्हणजे कावीळ असे समीकरण असते. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या ए व ई या प्रकारांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. १९५५–५६ मधील दिल्लीची व १९८१ मधील कोल्हापूरची काविळीची साथ या पाण्यातून पसरलेल्या साथी होत्या. अशा काविळीत बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्याचे श्रेय त्या काळात घेतलेल्या झाडपाल्याच्या औषधास मिळते आणि काविळीवर गावठी औषध पुरते, अशी समजूत दृढ होते. सी–प्रकाराची वाटचाल याच्या अगदी उलट असते. त्यात बहुधा कावीळ होत नाही. ती दिसू लागते तेव्हा यकृत पुष्कळदा बरेच निकामी झालेले असते.

शोधाचा इतिहास : रक्ताधानानंतर काही रोग्यांना काविळीचा विकार जडतो, ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून वैद्यांना माहीत होती. बरूच ब्लुंबर्ग यांनी १९६० नंतरच्या दशकात बी–प्रकाराच्या व्हायरसाचा प्रतिजन शोधून काढला व त्याबद्दल त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७३ मध्ये ए–प्रकाराचा व्हायरस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसला. या दोहोंच्या चाचण्या उपलब्ध झाल्यावर रक्ताधानानंतरच्या यकृतशोथाचे कोडे सुटेल, असे वाटत होते. परंतु १९७५ मध्ये अमेरिकेतील हार्वी आल्टर व त्यांचे सहकारी यांना असे आढळून आले की, यांतील बहुतेक रोग्यांत ए किंवा बी यांपैकी कोणताही व्हायरस नाही. या अनामिक रोगास ‘ए नव्हे, बी नव्हे’ असे नकारात्मक नाव पडले व ते चौदा वर्षे टिकले.

हा व्हायरस प्रयोगशाळेत वाढविता येत नव्हता. कॅलिफोर्नियातील कायरॉन या कंपनीत मायकेल हाउटन, क्वी–लिम चू व जॉर्ज कुओ यांनी डॅन्येल ब्रॅडली यांच्या सहकार्याने वेगळी वाट धरली. त्यांनी बाधित चिंपँझीच्या रक्तद्रवातील जननिक द्रव्याचे लक्षावधी तुकडे सूक्ष्मजंतूंमध्ये घालून वाढविले आणि त्यांतील कोणता तुकडा रोग्याच्या प्रतिपिंडांशी जुळतो, ते तपासले. अखेर एक तुकडा जुळला व १९८९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. व्हायरस प्रत्यक्ष न पाहता केवळ त्याच्या जननिक द्रव्यावरून ओळखण्याचे हे आरंभीचे महत्त्वाचे उदाहरण होय. त्यानंतर लवकरच रक्ततपासणीची चाचणी तयार झाली. १९९७ मध्ये चार्ल्स राइस यांनी हा व्हायरस एकटाच रोग निर्माण करू शकतो, हे सिद्ध केले. आल्टर, हाउटन व राइस यांना २०२० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

भारतातील प्रसार : भारतातील प्रसाराचा इतिहास सुई व रक्तपेढी यांच्याशी निगडित आहे. ‘सुई घेतल्याशिवाय गुण येत नाही’ ही समजूत ग्रामीण व शहरी अशा दोन्ही समाजांत खोलवर रुजलेली होती. पूर्वीच्या काचेच्या पिचकाऱ्या उकळून पुन्हा वापरीत. उकळण्याचा वेळ कमी पडला, किंवा नुसती सुई बदलून पिचकारी तीच ठेवली, तर एका रोग्याचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात जाण्यास वाव मिळे. एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या पिचकाऱ्या आल्यानंतरही हा धोका संपला नाही. २००२–०४ मध्ये देशभर केलेल्या पाहणीनुसार भारतात वर्षाला सु. ३ अब्ज अंतःक्षेपणे (इंजेक्शने) दिली जात व त्यांपैकी सु. ६३ टक्के असुरक्षित होती. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे बी–प्रकाराची घातक साथ उद्‌भवली. वापरलेल्या पिचकाऱ्यांचा पुनर्वापर हे तिचे कारण होते.

रक्तपेढ्यांच्या बाबतीत मुख्य दोष पैसे घेऊन रक्त विकणाऱ्या व्यक्तींचा होता. गरजेपोटी वारंवार रक्त देणाऱ्या या लोकांत रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांचे प्रमाण अधिक असे. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला व त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदानास बंदी आली. सी–प्रकाराची तपासणी भारतातील रक्तपेढ्यांना २००१ मध्ये सक्तीची झाली. म्हणजे व्हायरसाचा शोध लागल्यानंतरही सु. बारा वर्षे पुष्कळ ठिकाणी या चाचणीवाचून रक्त दिले जात होते. या काळात वा त्यापूर्वी शस्त्रक्रिया, अपघात किंवा बाळंतपण यांच्या निमित्ताने रक्त घेतलेल्या व्यक्ती, तसेच वारंवार रक्त घ्यावे लागणारे थॅलॅसीमिया व हीमोफिलिया या विकारांचे रोगी यांच्यावर या उणिवेचा सर्वांत मोठा परिणाम झाला.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतीय लोकसंख्येत सी–व्हायरसाच्या प्रतिपिंडांचे प्रमाण ०·३२ टक्के आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सु. ५ कोटी व भारतात सु. ५५ लाख लोकांना या रोगाची चिरकारी बाधा होती आणि त्या एका वर्षात जगात सु. २·४२ लाख लोक या रोगाने मृत्यू पावले.

उपचार व त्यांची किंमत : १९९१ पासून इंटरफेरॉन हे औषध टोचून देण्यात येऊ लागले. १९९८ मध्ये त्याला रिबाव्हिरिनाची जोड मिळाली व २००१ च्या सुमारास शरीरात अधिक काळ टिकणारे पेगिलेटेड इंटरफेरॉन प्रचारात आले. उपचार २४ ते ४८ आठवडे चाले. ताप, अंगदुखी, रक्तक्षय व खिन्नता यांमुळे पुष्कळ रोगी तो अर्धवट सोडीत. व्हायरसाच्या काही जननिक प्रकारांत निम्म्याहून कमी रोगी बरे होत. भारतात अधिक आढळणाऱ्या तिसऱ्या प्रकारात हे प्रमाण त्याहून बरे होते.

गुणापेक्षाही मोठी अडचण किमतीची होती. या संदर्भात मुंबईतील संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट या संस्थेचे कार्य उल्लेखनीय आहे. ही संस्था अमली पदार्थ टोचून घेणाऱ्या, बहुधा रस्त्यावर राहणाऱ्या व्यक्तींमध्ये काम करते. या व्यक्तींना सी–प्रकाराची बाधा मोठ्या प्रमाणावर होत असे, परंतु सहा महिन्यांच्या उपचाराचा खर्च चार लाख रुपयांहून अधिक होता. २००६ मध्ये भारतात पेगिलेटेड इंटरफेरॉनाच्या एका औषधास पेटंट (एकस्व) मिळाले व त्यास संकल्पने हरकत घेतली. पेटंट कार्यालयाने २००९ मध्ये ही हरकत फेटाळली. संस्थेने अपील केले व नोव्हेंबर २०१२ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाने ते पेटंट रद्द केले. रोग्यांसाठी काम करणारी संस्था ही ‘हितसंबंधित व्यक्ती’ ठरते व तिला अशी हरकत घेण्याचा अधिकार आहे, हेही मंडळाने मान्य केले. औषधविषयक कायद्याच्या इतिहासात हा निर्णय महत्त्वाचा आहे. कारण समाजाने जवळजवळ बहिष्कृत केलेल्या रोग्यांची बाजू त्यात एका न्यायिक मंडळासमोर मांडली गेली व ती मान्य झाली.

याच सुमारास उपचारांचे स्वरूप पालटले. व्हायरसाच्या वाढीस लागणाऱ्या एंझाइमावर थेट परिणाम करणारे सोफॉसबुव्हिर हे औषध डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत संमत झाले. डॅक्लॅटास्व्हिरासारख्या दुसऱ्या औषधाबरोबर ते रोज तोंडाने घेतल्यास बहुतेक रोगी १२ आठवड्यांत बरे होतात. बरे होण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. यकृत् सूत्रण रोग झालेल्या काही रोग्यांत उपचार अधिक काळ द्यावा लागतो. अमेरिकेत १२ आठवड्यांच्या औषधाची किंमत ८४,००० डॉलर (तत्कालीन दराने सु. ५२ लाख रु.), म्हणजे एका गोळीला १,००० डॉलर होती. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने सात भारतीय कंपन्यांना हे औषध तयार करून ९१ देशांत विकण्याचा परवाना दिला. २०१५ मध्ये ते भारतात मिळू लागले, तेव्हा एका महिन्याच्या गोळ्यांची किंमत सु. २०,००० रु. होती व स्पर्धेमुळे ती पुढे बरीच उतरली. भारतीय पेटंट कार्यालयाने जानेवारी २०१५ मध्ये नाकारलेले या औषधाचे पेटंट मे २०१६ मध्ये मंजूर केले. मात्र तोपर्यंत परवाने दिलेले असल्याने भारतातील उत्पादन चालूच राहिले.

रोग्यांपर्यंत पोहोचण्याचे प्रयोग : औषध स्वस्त झाल्यावर ते रोग्यापर्यंत नेण्याचे दोन मोठे प्रयोग झाले. पहिला ईजिप्तमधील होय. त्या देशात शिस्टोसोमियासिस या कृमिरोगावर टार्टार एमेटिक हे औषध १९८० च्या सुमारापर्यंत सार्वजनिक मोहिमांतून टोचण्यात येई. अपुऱ्या निर्जंतुक केलेल्या सुयांमुळे सी–व्हायरस गावोगाव पसरला व ईजिप्त हा जगातील सर्वाधिक बाधित देशांपैकी एक बनला. एका रोगाच्या निवारणातून दुसरा रोग पसरल्याचे हे दुःखद उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत तेथे सु. ५ कोटी लोकांची तपासणी करून बाधितांना विनामूल्य उपचार देण्यात आले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगनिर्मूलनाच्या मार्गावरील सुवर्ण श्रेणी ईजिप्तला दिली. हा मान मिळविणारा तो पहिला देश होय.

दुसरा प्रयोग पंजाबातील. जून २०१६ मध्ये तेथे मुख्यमंत्री हेपॅटायटिस सी सहायता निधीतून विनामूल्य उपचार सुरू झाले. तोपर्यंत हा उपचार मोठ्या शहरांतील यकृततज्ञांकडेच मिळत असे. पंजाबने तो २२ जिल्हा रुग्णालये व ३ शासकीय वैद्यकीय महाविद्यालये येथे उपलब्ध केला. चंडीगढ येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील तज्ञांनी जिल्ह्यातील डॉक्टरांना प्रशिक्षण दिले व ठराविक पद्धतीचा तक्ता आखून दिला. पहिल्या दोन वर्षांत सु. ४८,००० रोग्यांवर उपचार सुरू झाले व त्यांतील ९१·६ टक्के बरे झाल्याचे आढळले. साध्या रोग्यास जिल्हा पातळीवरील सामान्य डॉक्टरही बरे करू शकतो, गुंतागुंतीच्या रोग्यासच तज्ञाची गरज असते, हे यातून सिद्ध झाले.

राष्ट्रीय कार्यक्रम : जागतिक आरोग्य संघटनेच्या सभासद राष्ट्रांनी २०१६ मध्ये विषाणुजन्य यकृतशोथाचे २०३० पर्यंत सार्वजनिक आरोग्याचा धोका म्हणून निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. नव्या बाधांत ९० टक्के व मृत्यूंत ६५ टक्के घट हे त्याचे मोजमाप होय. भारत सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. २८ जुलै हा ब्लुंबर्ग यांचा जन्मदिवस असून तो जागतिक यकृतशोथ दिन म्हणून पाळण्यात येतो. या कार्यक्रमानुसार तपासणी, निदान व औषधे विनामूल्य असून राज्यांत आदर्श उपचारकेंद्रे व जिल्ह्यांत उपचारकेंद्रे उभारण्याची योजना आहे.

निदानास दोन टप्पे लागतात. पहिल्या चाचणीत बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्तातील प्रतिपिंडे काही मिनिटांत ओळखता येतात. परंतु आपोआप वा औषधाने बरे झालेल्या व्यक्तीच्या रक्तातही प्रतिपिंडे राहतात; म्हणून व्हायरसाचा आरएनए प्रत्यक्ष आहे की नाही, हे दुसऱ्या चाचणीने ठरवावे लागते. ही दुसरी चाचणी पूर्वी मोठ्या प्रयोगशाळेतच होई. क्षयरोगाच्या निदानासाठी तालुका व जिल्हा पातळीवर बसविलेल्या यंत्रांवर ती करणे आता शक्य झाले आहे. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट हे विद्युत् घटावर (बॅटरीवर) चालणारे यंत्र त्यांपैकी एक असून वीजपुरवठा अनियमित असलेल्या ठिकाणी ते उपयुक्त आहे.

तरीही रोगी मध्येच गळतात. जगातील चिरकारी बाधितांपैकी २०२२ अखेर सु. ३६ टक्के लोकांचे निदान झाले होते व सु. २० टक्के लोकांनाच उपचार मिळाले होते. पहिली चाचणी, दुसरी चाचणी, औषधास प्रारंभ, औषध पुरे करणे व औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी बरे झाल्याची खात्री करणे, या प्रत्येक पायरीवर काही लोक मागे राहतात. यांतील पुष्कळांना प्रकृती ठीक वाटत असते. त्यामुळे कामधंदा सोडून पुन्हा येण्याचे कारण त्यांना दिसत नाही. रक्तदान शिबिरांच्या बाबतीतही हीच उणीव दिसते. बाधित रक्त बाजूला काढले जाते, त्यामुळे ते घेणारा वाचतो. परंतु रक्तदात्याला ही गोष्ट कळवून त्याला उपचारकेंद्रापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था सर्वत्र सारखी बळकट नाही.

देवरूख परिसर : हा प्रश्न कोकणात कोणते रूप घेतो, हे देवरूखच्या उदाहरणावरून दिसते. देवरूख हे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण असून ते सह्याद्रीच्या पायथ्याच्या डोंगराळ प्रदेशात, रत्नागिरीपासून सु. ५० किमी. अंतरावर आहे. तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. दोन लाख आहे. वस्ती एका ठिकाणी नसून डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्यांत आहे. पावसाळा जोराचा असून त्या काळात आडवाटांवरील दळणवळण कठीण होते. तरुण पुरुष नोकरीसाठी मुंबईस आणि वृद्ध माणसे व स्त्रिया गावी, अशी अनेक घरांची विभागणी असते.

या भागात आरोग्यसेवेचा प्रारंभ ज्या प्रकारे झाला, तो प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. तरुण वयात वैधव्य आलेल्या इंदिराबाई हळबे यांनी परिचर्येचे शिक्षण घेऊन देवरूख हे आपले कार्यक्षेत्र निवडले. १९५४ मध्ये त्यांनी गोठ्याच्या जागेत दोन खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले. तेच ‘मातृमंदिर’ होय. घरच्या अंधाऱ्या खोलीत बाळंत होण्याची रूढी असलेल्या त्या काळात स्त्रिया प्रसूतिगृहात आपणहून येत नसत. त्यांच्या घरी जाऊन विश्वास मिळवावा लागे. लोक इंदिराबाईंना ‘मावशी’ म्हणत आणि या नात्यामुळेच प्रसूतिगृहाचे दार उघडले. पुढे रुग्णालय, निराधार मुलांचे संगोपन, शेतीविषयक कार्य व व्यवसायशिक्षण असा संस्थेचा विस्तार झाला. इंदिराबाई १९९८ मध्ये निधन पावल्या. सेवा उपलब्ध असणे व ती घेतली जाणे या दोन निराळ्या गोष्टी असून त्यांच्यामध्ये ओळखीचे माणूस लागते, हा या इतिहासाचा अर्थ आहे.

बाळंतपण व सी–प्रकारचा यकृतशोथ यांत मात्र एक मोठा भेद आहे. बाळंतपणाची वेळ ठरलेली असते व वेदना स्त्रीला मदत शोधण्यास भाग पाडतात. या रोगात वेदना नसतात. राष्ट्रीय पाहणीतील ०·३२ टक्के हे प्रमाण प्रत्येक तालुक्यास जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. तथापि केवळ आवाका समजण्यासाठी ते घेतले, तर दोन लाख लोकवस्तीत सु. ६४० व्यक्तींच्या रक्तात प्रतिपिंडे आढळतील आणि त्यांतील काहींत व्हायरस आधीच नाहीसा झालेला असेल. उरलेल्या काही शे व्यक्ती शेकडो वाड्यांत विखुरलेल्या असणार. ईजिप्तसारखी सरसकट तपासणी तेथील दाट प्रादुर्भावामुळे फलदायी ठरली. विरळ प्रादुर्भावाच्या कोकणात तिचा खर्च व शीण अधिक आणि फळ कमी असेल. येथे जोखीम ओळखून शोध घेणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. २००१ पूर्वी रक्त घेतलेले, मोठी शस्त्रक्रिया झालेले, अपोहनावर असलेले, वारंवार रक्त घ्यावे लागणारे, एचआयव्ही बाधित, रक्तदानात दोष आढळलेले व यकृताच्या जुनाट तक्रारी असलेले लोक यांची आधी तपासणी झाली पाहिजे. गावातील आशा कार्यकर्तीला कोणत्या घरात कोणाची शस्त्रक्रिया कधी झाली, हे बहुधा ठाऊक असते. म्हणून शोधाचा पहिला दुवा तीच ठरते.

शोधानंतरचा प्रश्न अंतराचा आहे. सर्व व्यवस्था जिल्ह्याच्या ठिकाणीच असेल, तर निदानाची खात्री, औषधास प्रारंभ, त्यानंतर दोन वेळा महिन्याचे औषध आणणे व शेवटची तपासणी अशा किमान पाच खेपा रत्नागिरीस कराव्या लागतात. देवरूखहून प्रत्येक खेप जाऊन–येऊन सु. १०० किमी. ची होते, आतल्या वाडीतून निघणाऱ्यास ती याहून लांब पडते व प्रत्येक खेपेस एका दिवसाची मजुरी बुडते. वृद्ध रोग्याबरोबर सोबती आला, तर दोन माणसांची बुडते. औषध विनामूल्य असले, तरी उपचार विनामूल्य ठरत नाही तो यामुळे. रक्ताचा नमुना तालुक्यातच घेऊन पुढे पाठविणे आणि सुरुवातीच्या तपासणीनंतर औषध ग्रामीण रुग्णालयातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून देणे, एवढ्याने पाचांपैकी बहुतेक खेपा वाचू शकतात. पंजाबने जिल्ह्यापर्यंत आणलेली सेवा आणखी एक पायरी खाली नेण्याचा हा प्रश्न आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्याचे निदान गावी व औषध मुंबईत, किंवा याच्या उलट, अशी वेळही येते. तेव्हा एका केंद्राची नोंद दुसऱ्या केंद्रात ग्राह्य धरली जाणे आवश्यक असते.

गुंतागुंतीच्या रोग्यांसाठी तज्ञसेवा लागते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत दीर्घकाळ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते व अशा रोग्यांना आंबा घाटातून कोल्हापूर, किंवा मुंबई गाठावी लागे. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथे खाजगी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, सिंधुदुर्गात २०२१ मध्ये व रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय महाविद्यालय सुरू झाल्याने हे अंतर काहीसे घटले आहे.

सामाजिक बाजू : या रोगातील उपेक्षा केवळ दारिद्र्यामुळे किंवा दूर राहण्यामुळे होत नाही. अमली पदार्थांचे व्यसन, कारावास वा एचआयव्हीची बाधा यांच्याशी रोगाचे नाव जोडले गेल्याने रुग्णालयात सुई टोचून झालेल्या रोग्याच्याही चारित्र्याची शंका घेतली जाते. निदान कळल्यावर घरात भांडी वेगळी ठेवणे, विवाहसंबंध मोडणे किंवा शस्त्रक्रिया पुढे ढकलणे यांसारखे अनुभव रोग्यांना येतात. त्यामुळे काही जण चाचणीच टाळतात व काही जण निकाल लपवितात. रोग स्पर्शाने पसरत नाही व तो बरा होतो, ही दोन विधाने रोग्याला, त्याच्या कुटुंबीयांना व रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना स्पष्टपणे सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. व्यसनाधीन व्यक्तींना उपचार देण्यापूर्वी व्यसन सुटण्याची अट घालू नये, असे आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. कारण त्यांच्यावर उपचार झाले, तर प्रसाराची साखळीही तुटते. तथापि बरे झाल्याने पुन्हा बाधा होण्यापासून संरक्षण मिळत नाही. म्हणून स्वच्छ सुया पुरविणे व व्यसनमुक्तीस साहाय्य करणे हे उपचारांबरोबरच चालू ठेवावे लागते.

सारांश, सी–प्रकारच्या यकृतशोथाच्या बाबतीत विज्ञानाने आपले काम बव्हंशी पुरे केले आहे. व्हायरस ज्ञात आहे, चाचणी सोपी आहे व औषध गुणकारी असून भारतात तयार होते. अपुरे आहे ते रोग्याच्या घरापासून औषधाच्या खिडकीपर्यंतचे. जगातील सरासरीप्रमाणे पाहता प्रत्येक पाच बाधितांपैकी एकच ही वाट पुरी चालला आहे. उरलेल्या चौघांच्या यकृताचा ऱ्हास बाहेरून न दिसता चालूच राहतो आणि त्यांची गाठ औषधाशी आधी पडते की यकृत् सूत्रण रोगाशी, हे पुष्कळ अंशी तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध असलेल्या सेवेवर अवलंबून असते.